भुलीच्या आधीचे इस्पितळ : कलकत्त्याच्या मेस्मेरिक हॉस्पिटलची वाटचाल

कलकत्त्यात नोव्हेंबर १८४६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने एक छोटे इस्पितळ सुरू केले. तिथल्या रुग्णाला शस्त्रक्रियेआधी दारू किंवा अफू देत नसत, चार माणसे लावून दाबूनही धरत नसत. अंधाऱ्या खोलीत त्याला आडवे करून कुणीतरी तासन्‌तास त्याच्या अंगावरून हात फिरवत बसे. तो पुरता झोपेत गेला की मग सुरी बाहेर निघे. सरकारने मुदत दिली होती एका वर्षाची. मुदत सरली तसे इस्पितळ बंद पडले. मग गावातल्या लोकांनी वर्गणी काढून ते पुन्हा उघडले आणि शेवटी ते एका साध्या दवाखान्यात विरून गेले. सगळे मिळून आयुष्य पाच वर्षांच्या आतले. एवढ्या अल्पायुषी संस्थेची वाटचाल लिहायची कशाला, असे कुणी विचारील. वेदना आणि भीती कमी करायला संमोहन कितपत कामी येते आणि त्याची हद्द कुठे संपते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या इस्पितळाच्या कारभारात सापडतात, म्हणून.

इस्पितळाचा कर्ता जेम्स एस्डेल. जन्म १८०८ चा, स्कॉटलंडमधल्या एका धर्मोपदेशकाच्या घरचा. एडिंबरोला वैद्यक शिकून तो १८३१ मध्ये कंपनीच्या नोकरीत बंगालला आला. हवा मानवली नाही, प्रकृती ढासळली, म्हणून मध्ये बराच काळ रजेवर गेला. परतल्यावर त्याची नेमणूक कलकत्त्याच्या उत्तरेला हुगळीत झाली. तिथला इमामबाडा दवाखाना हाजी मुहम्मद मोहसीन या दानशूर गृहस्थाच्या वक्फाच्या पैशावर चाले. शिवाय तुरुंगातले आजारीही एस्डेलच्याच माथी होते. म्हणजे रुग्ण कोण, तर गरीब शेतकरी, गाडीवान, छोटे दुकानदार आणि कैदी. पुढच्या सगळ्या कथेत हे लक्षात ठेवलेले बरे.

मेस्मेरिझम, म्हणजे संमोहनाचे जुने रूप, त्याने प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता, फक्त वाचला होता. फ्रान्त्स मेस्मर या डॉक्टरने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्ना आणि पॅरिसमध्ये 'प्राणिज चुंबकत्वा'चा गाजावाजा केला होता. माणसाच्या देहातून एक अदृश्य प्रवाह वाहतो, तो हातांनी दुसऱ्याच्या अंगात सोडता येतो, असा त्याचा दावा. फ्रान्सच्या राजाने १७८४ मध्ये चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि लव्हाझिए हे तिचे सभासद. प्रवाहबिवाह काही नाही, हा कल्पनाशक्तीचा परिणाम आहे, असा त्यांनी निकाल दिला. गंमत अशी की कल्पनाशक्तीने एवढे होते तर ती शक्ती तरी काय चीज आहे, हा प्रश्न त्या निकालानंतरही उरलाच.

४ एप्रिल १८४५. हुगळीच्या तुरुंगातला माधव कावरा हा कैदी दोन्ही बाजूंच्या हायड्रोसीलने, म्हणजे अंडकोशात पाणी साठल्याने, त्रासला होता. एका बाजूचे पाणी काढून आत त्या काळच्या रीतीप्रमाणे दाहक औषध सोडले, आणि तो कळवळू लागला. एस्डेलने शेजारच्या देशी डॉक्टरला, बदनचंद्र चौधरीला, विचारले : मेस्मेरिझम कधी पाहिला आहेस का? मेडिकल कॉलेजात करताना पाहिला होता, पण जमला नव्हता, असे उत्तर आले. तरी एस्डेलने हात फिरवायला सुरुवात केली. अर्धा तास गेला, काही नाही. त्याने नेट सोडला नाही. तासाभराहून जास्त वेळाने माणूस असा गाढ गेला की टाचण्या टोचल्या, गुडघ्याला विस्तव लावला, नाकाशी अमोनिया धरला, तरी तो हलला नाही. जज्ज आणि कलेक्टर यांना बोलावून हे दाखवले. काही दिवसांनी दुसऱ्या बाजूची शस्त्रक्रिया अशाच झोपेत झाली.

पुढच्या आठ महिन्यांत हुगळीत ७३ शस्त्रक्रिया वेदनेशिवाय झाल्याचा तक्ता एस्डेलने 'मेस्मेरिझम इन इंडिया' या १८४६ च्या पुस्तकात छापला. तो तक्ता आजही वाचण्यासारखा आहे. हात कापून काढणे एक, स्तन काढणे एक, मोतीबिंदू तीन, दात उपटणे तीन, आखडलेले गुडघे सरळ करणे तीन, पायाच्या अंगठ्याची नखे मुळापासून काढणे पाच, आणि अंडकोशाच्या गाठी काढणे चौदा. या गाठींचे वजन आठ पौंडांपासून ऐंशी पौंडांपर्यंत. ऐंशी पौंड म्हणजे छत्तीस किलो. एक चाळिशीचा दुकानदार असा होता की त्याची गाठ त्याला जागचे हलू देत नसे, आणि वर्षानुवर्षे तो तिच्यावरच कागद ठेवून हिशेब लिहीत असे. तीही निघाली.

बंगालमध्ये या गाठी इतक्या का, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हते. हत्तीपायाचाच हा प्रकार. त्याच्या जंतांची पिल्ले माणसाच्या रक्तात असतात हे टिमथी लुइसने कलकत्त्यातच १८७२ मध्ये दाखवले, आणि डासांचा हात त्यानंतर काही वर्षांनी पॅट्रिक मॅन्सनने शोधला. एस्डेलच्या काळी सर्जन या गाठींना हात लावायला कचरत, कारण रक्तस्राव आणि वेदनेचा धक्का यांनीच माणूस दगावे. वेदना नाही म्हटल्यावर लोक लांबून लांबून हुगळीला येऊ लागले.

आता हे घडत कसे असे ते पाहू, कारण इस्पितळाचे सगळे भवितव्य त्या पद्धतीत दडले होते. रुग्णाला अंधाऱ्या खोलीत निजवायचे. मेस्मेरिझम करणारा उशाशी बसून त्याच्यावर वाकायचा. दोन्ही हातांची बोटे जराशी वाकवून डोक्यापासून पोटाच्या खळग्यापर्यंत, कातडीला न टेकवता, सावकाश आणायची. मधूनमधून डोक्यावर, डोळ्यांवर फुंकर घालायची. बोलायचे नाही. पहिल्याच दिवशी गाढ झोप लागली तर नशीब. नाहीतर रोज काही तास याप्रमाणे आठ-दहा दिवस. एस्डेल लवकरच थकला आणि हे काम त्याने दवाखान्यातल्या देशी मदतनिसांकडे सोपवले. यांत हिंदू होते, मुसलमान होते, बहुतेक विशीतले तरुण. इंग्रज सर्जनचे नाव पुस्तकावर आले. पण एकेका माणसाला झोपवायला पाठ मोडेपर्यंत वाकून बसले ते हेच. माझ्या मते या इस्पितळाचे खरे भांडवल म्हणजे या पोरांचे तास. आणि ते भांडवल कुणाच्याही जमाखर्चात धरलेले नव्हते.

हुगळीच्या लोकांना यात फार नवल वाटले नसावे. फुंकर घालणे, अंगावरून हात उतरवणे हे झाडफुंकीत रोजचेच. एस्डेलने स्वतः एका नामांकित मांत्रिकाला बोलावून त्याची रीत पाहिली आणि हे तर आपलेच काम आहे असे म्हणून ठेवले. त्याच सुमारास हुगळीच्या कोर्टात एका न्हाव्यावर खटला चालला होता, पोराला मंत्र घालून पळवल्याचा. असे होऊ शकते का, याची साक्ष द्यायला एस्डेलला बोलावले, आणि त्याने कोर्टातच काही माणसांना झोपवून दाखवले.

एक गोष्ट मात्र आजच्या वाचकाला खटकेल, आणि खटकायलाच हवी. रुग्णाला आपल्यावर काय केले जाणार आहे हे बहुधा सांगितले जात नसे. एस्डेलला तो आपल्या पुराव्याचा भाग वाटे : ज्याला काही माहीतच नाही त्याची कल्पनाशक्ती काय काम करणार, असा त्याचा सवाल. युक्तिवाद बिनतोड असेल, पण ज्याच्या गुडघ्याला निखारा लावला तो कैदी होता. नाही म्हणायची त्याला सोय नव्हती.

एस्डेलने सरकारला कळवले. गव्हर्नर जनरल हार्डिंज पंजाबच्या राजकारणात गुंतलेला, म्हणून बंगालचा कारभार सर हर्बर्ट मॅडॉक पाहत होता. त्याने एक समिती नेमली. अध्यक्ष इस्पितळांचे मुख्य निरीक्षक डॉ. अ‍ॅटकिन्सन. सभासदांत विल्यम ओशॉनेसी हाही होता, गांजाच्या औषधी गुणांवर संशोधन करणारा आणि पुढे हिंदुस्थानात तारायंत्र उभे करणारा. कलकत्त्यात समितीसमोर प्रयोग झाले. काहींना कितीही दिवस हात फिरवूनही झोप लागली नाही, त्यांना घरी पाठवले. ज्यांना लागली त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतले काही अगदी निश्चल राहिले. काहींचा चेहरा वेडावाकडा झाला, हात झटकले गेले, पण उठल्यावर मात्र आपल्याला काही दुखले नाही असे त्यांनी सांगितले. समितीने दोन्ही गोष्टी नोंदवल्या. वेदनेशिवाय मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या हे मान्य केले; वेळ फार लागतो, आणि कुणावर परिणाम होईल हे आधी सांगता येत नाही, हेही लिहिले. सरकारी अहवालांत इतका प्रांजळपणा क्वचित दिसतो. मॅडॉकने अहवाल वाचून एस्डेलला वर्षभरासाठी कलकत्त्यात स्वतंत्र इस्पितळ दिले आणि पाहणीसाठी डॉक्टर नेमले.

पण समितीचा अहवाल तयार होत होता त्याच महिन्यात, १६ ऑक्टोबर १८४६ ला, अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टनने एका रुग्णाला ईथर हुंगवले आणि त्याच्या मानेवरची गाठ काढली गेली. म्हणजे कलकत्त्याचे इस्पितळ उघडले तेव्हाच त्याचा मृत्युलेख जहाजावर चढला होता. डिसेंबरात लंडनला रॉबर्ट लिस्टनने ईथर देऊन मांडी कापली आणि आता मेस्मेरिझमची सद्दी संपली अशा अर्थाची टिप्पणी भर शस्त्रक्रियागृहात केली. टोमणा उघड होता. ज्या इस्पितळात हे घडले त्याच इस्पितळातून, युनिव्हर्सिटी कॉलेजच्या, डॉ. जॉन एलियटसन मेस्मेरिझमपायी १८३८ मध्ये बाहेर पडला होता, आणि आता 'झोइस्ट' नावाच्या त्रैमासिकातून एस्डेलचे अहवाल छापत होता. १८४७ मध्ये ईथर कलकत्त्याला पोचले. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्मची वार्ता दिली आणि काही आठवड्यांतच तेही कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात वापरात आले. रुमालावर काही थेंब, आणि मिनिटांत झोप. इकडे आठ-दहा दिवस हात फिरवणारा तरुण.

मग इस्पितळाचे वर्ष वाया गेले का? नाही. पाहणीच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया पाहिल्या आणि पूर्ण बधिरता येते असे लिहिले. एस्डेलने जून ते डिसेंबर १८४७ मधल्या रुग्णांची टिपणे छापली. पण मुदत संपल्यावर सरकारने पुढे पैसे दिले नाहीत आणि १८४८ च्या सुरुवातीला दार बंद झाले. याचा अर्थ सरकारला सगळे थोतांड वाटले असा नाही. त्याच साली नवा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने एस्डेलला प्रेसिडेन्सी सर्जनच्या जागी बढती दिली. सरकारला माणूस पसंत होता, पद्धत परवडत नव्हती.

यानंतरचे वळण मला सगळ्यांत लक्षणीय वाटते. कलकत्त्यातल्या सुमारे तीनशे देशी रहिवाशांनी सह्या करून डलहौसीकडे अर्ज केला की इस्पितळ चालू ठेवावे. अर्ज फळला नाही, तेव्हा वर्गणी गोळा झाली आणि सप्टेंबर १८४८ मध्ये इस्पितळ पुन्हा उघडले. एस्डेलवर एक आक्षेप सतत घेतला जाई की हे काळे लोक साहेबाला खूश करायला वेदना लपवतात, सोंग करतात. ऐंशी पौंडांची गाठ कापून घेताना सोंग करणारा माणूस कसा असेल, हे आक्षेप घेणाऱ्यांनी सांगितले नाही. झोपेचा अंमल अर्ध्यावर उतरला की तेच रुग्ण ओरडत, हे एस्डेलने लिहून ठेवले आहे. सरकारी चौकशीपेक्षा मला तर वर्गणीची पावती जास्त विश्वासार्ह वाटते.

तरी वर्गणीवर इस्पितळ फार दिवस चालत नाही. डेप्युटी गव्हर्नर सर जॉन लिटलर याने एस्डेलला सुकियाज लेनमधल्या दवाखान्याचा ताबा दिला, तिथे इतर औषधोपचारांबरोबर मेस्मेरिझम चालू राहिला. स्वतंत्र इस्पितळ गेले, एक उपचार उरला. माझ्या लेखी ही पीछेहाट नव्हती. पण एस्डेलला तसे वाटले नसावे. १८५१ मध्ये वीस वर्षांची नोकरी संपवून, प्रकृती मोडलेल्या अवस्थेत, तो स्कॉटलंडला परतला. मागे डॉ. वेब यांनी काम पाहिले, पण एस्डेलमागे ती हौस ओसरली. अमेरिकेची काँग्रेस भुलीच्या शोधाबद्दल एक लाख डॉलरचे बक्षीस देण्याच्या गोष्टी करते आहे हे कळल्यावर त्याने तिकडे निषेध धाडला : वेदनारहित शस्त्रक्रिया आम्ही ईथरच्या आधी केल्या. तारखा पाहिल्या तर खरे बोलत होता. १० जानेवारी १८५९ ला तो लंडनजवळ सिडनहॅमला वारला. वय पन्नास.

त्याच्या नावावर मोठ्या शस्त्रक्रिया काहीशे आणि किरकोळ हजारोंनी लागतात. गाठींच्या शस्त्रक्रियांत मृत्यूचे प्रमाण त्याने शेकडा पन्नासावरून पाचावर आणले, हा आकडा संमोहनाच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे. मी तो जपूनच घेतो. झोप न लागलेले रुग्ण आधीच गळून गेलेले असत, मग उरलेल्यांचा हिशेब चांगला येणारच. शिवाय एस्डेल शेवटपर्यंत त्या अदृश्य प्रवाहावर विश्वास ठेवून होता, पाण्यातसुद्धा तो भरता येतो असे मानत होता. मँचेस्टरचा सर्जन जेम्स ब्रेड याने १८४३ मध्येच प्रवाहाची कल्पना बाजूला टाकून, नजर आणि लक्ष एका ठिकाणी खिळल्याने ही अवस्था येते असे मांडले होते. आजचे संमोहनशास्त्र ब्रेडच्या वाटेने आले, एस्डेलच्या नव्हे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या समितीने १८९२ मध्ये संमोहन खरे आहे आणि वेदना कमी करायला उपयोगी आहे असा अभिप्राय दिला तेव्हा कलकत्त्याचे इस्पितळ मोडून चाळीस वर्षे झाली होती.

त्या इस्पितळाने न सोडवलेले प्रश्न तीन : वेळ, अनिश्चितता आणि रुग्णाची संमती. आज संमोहन जिथे नीट चालते तिथे या तिन्हींना उत्तर आहे. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ मारी-एलिझाबेथ फेमोनव्हिल यांनी १९९२ पासून संमोहन, जागेपुरती भूल आणि शिरेतून थोडेसे गुंगीचे औषध अशी सांगड घातली. थायरॉइडच्या आणि प्लास्टिक सर्जरीच्या हजारो रुग्णांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या आहेत. रुग्णाला आधी सगळे सांगतात, तो होय म्हणाला तरच. मग भूलतज्ज्ञ त्याला त्याच्याच एखाद्या आवडत्या आठवणीत, समुद्रकाठी म्हणा, गावच्या घरात म्हणा, शब्दांनी घेऊन जातो. जमले नाही तर पूर्ण भूल तयार असतेच. सर्जनलाही हात हळुवार चालवावा लागतो आणि तोंड बंद ठेवावे लागते, हा आणखी एक फायदा.

वेळेचा हिशेब तर उलटाच झाला. डॉ. एल्विरा लँग यांनी अमेरिकेत २४१ रुग्णांवर केलेला अभ्यास 'लॅन्सेट'ने २००० साली छापला. रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडाच्या अशा उपचारप्रक्रिया, ज्यांत रुग्ण जागा असतो. नेहमीच्या पद्धतीत सरासरी ७८ मिनिटे लागली, स्वसंमोहनाच्या गटात ६१. नेहमीच्या गटात वेळ जाईल तशी वेदना वाढत गेली, संमोहनाच्या गटात ती वाढली नाही. न्यूयॉर्कमध्ये स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी फक्त पंधरा मिनिटांचे संमोहन दिलेल्या स्त्रियांना भुलीचे औषध कमी लागले आणि नंतरचा त्रासही कमी झाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २०० जणी होत्या, आणि रुग्णालयाचा दरडोई खर्च ७७२ डॉलरने उतरला. जी पद्धत कलकत्त्यात परवडली नाही ती पंधरा मिनिटांवर आल्यावर पैसे वाचवू लागली.

हे कसे होते, याचाही अंदाज आता आहे. वेदनेत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : किती दुखते, आणि ते किती नकोसे वाटते. मॉन्ट्रियलला १९९७ मध्ये संमोहित माणसांचे हात ४७ अंशांच्या पाण्यात बुडवून मेंदूची चित्रे घेतली. नकोसेपणा वाढेल किंवा घटेल अशी सूचना दिली की मेंदूच्या आतल्या घडीतल्या, सिंग्युलेट नावाच्या भागाची सक्रियता त्याप्रमाणे बदले. स्पर्श ओळखणारा भाग मात्र होता तसाच राही. भीतीने वेदना दुप्पट होते हे आपल्याकडे कुठल्याही सुईणीला ठाऊक असते. संमोहन त्या दुपटीवर काम करते. गाढ संमोहनात जाऊ शकणारी माणसे थोडीच, शेकडा दहा-पंधरा; अगदी न जाणारीही थोडीच; बाकीचे मधले. हुगळीच्या पोरांना हे आकडे माहीत नव्हते, अनुभव तोच होता.

एस्डेलचे इस्पितळ फसले ते संमोहन खोटे होते म्हणून नव्हे. भुलीची जागा एकट्याने भरून काढायचे ओझे संमोहनावर टाकले, आणि ते त्याला झेपणारे नव्हते. आजही कुणी संमोहनाने सगळे बरे करतो, औषधे बंद करा, भूल नको, असे सांगू लागला तर उठून यावे. एमआरआयच्या बोगद्याची, दाताच्या सुईची किंवा शस्त्रक्रियेची धास्ती असेल तर ती भूलतज्ज्ञाला आधीच्या भेटीत मोकळेपणी सांगावी आणि संमोहनाची सोय आहे का, करणारा रीतसर शिकलेला डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ आहे का, हे विचारावे. स्किझोफ्रेनियासारखा मोठा मानसिक आजार असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय संमोहन घेऊ नये.